थंड भट्टीची पहिली पाळी

सुमन, तू जाऊन अजून महिना झालेला नाही आणि मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. तिकडून ऐकू येतं की नाही ठाऊक नाही. ऐकू येत असेल आणि तू नेहमीसारखी मान वळवून समुद्राकडे बघत बसली असशील, तरी चालेल मला. त्या ईस्ट कोस्टच्या बाकावर चार वर्षं मी तुझ्या कानाशीच बोलत होते, तोंड कुठे दिसायचं तुझं!

खरं सांगू का, मला तुझा पहिल्या दिवसापासून संशय होता. आपली भेट झाली ती हळदीकुंकवाला, सार्सची साथ नुकती ओसरली होती, तेव्हा. सगळ्या बायका दोन हात लांब उभ्या, वाण घेतानासुद्धा बोट लागू नये अशी काळजी. आणि तू सरळ येऊन माझ्या शेजारी बसलीस. नऊवारी नेसलेली, खणाची चोळी, आणि विचारलंस, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, इचलकरंजीची, आता लेकीकडे क्लेमेंटीला. तुम्ही? तर म्हणालीस, "मी फ्रान्सची." असं म्हणतं का कुणी? नऊवारीत? मी मनात म्हटलं, बाई एक तर थापाडी आहे नाहीतर डोक्यानं अधू.

मग हळूहळू कळलं. तू साताऱ्याकडची, नर्स होतीस, धरणाच्या मोजणीला आलेल्या एका फ्रेंच माणसाशी लग्न केलंस आणि त्याच्या गावी गेलीस. त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी 'तुझं खेडं' म्हणायचे. तुझा नवरा एतियन गेल्यावर नऊ वर्षं तू तिथंच राहिलीस, आणि गुडघे गेले तेव्हा ल्यूकनं तुला इथं आणलं. तुझा एकुलता एक मुलगा, रंगानं पार गोरा, बँकेत टाय लावून जाणारा, आणि तोंड उघडलं की साताऱ्याचं मराठी. पहिल्यांदा "काय करतीस मावशी, बस की" म्हणाला तेव्हा मी पर्स सोफ्यावर ठेवायची ती खाली जमिनीवर ठेवली होती.

तरीपण संशय गेला नाही. एक फोटो नाही गं तुझ्याकडे त्या गावाचा! "कशाला काढायचे? रोज तर बघत होतो," म्हणायचीस. आणि गोष्टी कसल्या! म्हणे देवळातलं घड्याळ, चर्चचं, प्रत्येक तासाचे टोले दोनदा देतं. एकदा दिले की दोन मिनिटांनी परत तेवढेच. कशासाठी, तर शेतातल्या माणसाचा पहिल्यांदा मोजताना आकडा चुकला तर दुसऱ्यांदा नीट मोजता यावा. मी म्हटलं, "सुमन, मला इंग्रजी येत नसेल, अक्कल आहे." नातीला सांगितलं तर ती म्हणते, "आजी, यू ऑल्वेज डाउट पीपल, लाह." असू दे. ते टोल्यांचं मला अजूनही खरं वाटत नाही.

पण ऐकायला आवडायचं. दर रविवारी मी क्लेमेंटीहून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, बेडोकला यायची, तिथून बस. तो रस्ताही तूच शिकवलास. तोवर मी चार वर्षांत जावयाच्या गाडीशिवाय कुठे गेले नव्हते. तू पहिल्यांदा क्लेमेंटीला येऊन मला घेऊन गेलीस, स्टेशनं मोजायला लावलीस, आणि परत जाताना म्हणालीस, "आता एकटी जा." मी घाबरून म्हटलं, चुकले तर? तर म्हणालीस, "तर पुढच्या स्टेशनावर उतर, गाडी उलटी पण जाते." केवढी सोपी गोष्ट. मला साठी उलटेपर्यंत कुणी सांगितली नव्हती. त्याबद्दल तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात तसं म्हणत नाहीत, असं म्हणायचं आणि सुटायचं.

मग बाक, समोर बोटी, हातात हॉकरच्या टपरीवरची कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि तुझं खेडं. स्लेटच्या काळ्या छपरांची साठ घरं, त्यातली निम्मी कुलूपबंद. शाळेत पोरं सातच उरली म्हणून शाळा मिटली. चौकात लढाईत गेलेल्या माणसांच्या नावांचा दगड, आणि तू म्हणायचीस, "उषा, त्या दगडावर जेवढे पुरुष आहेत ना, तेवढे आता गावात नाहीत." हॉर्न वाजवत येणारी पावाची गाडी, आठवड्यातून तीनदा. आणि धुण्याची ती जागा. चारी बाजूंनी कट्टा, वर छप्पर, मधे झऱ्याचं पाणी. तिथल्या बायका लाकडी खोक्यात गुडघे टेकून, वाकून कपडे बडवायच्या. तुला ते जमेना. तू आपली कासोटा मारून पाण्यात उतरलीस, कृष्णेवर धुतात तशी, आणि सगळ्या हसल्या.

"काय म्हणून हसल्या?" मी विचारलं.

"हसू आलं म्हणून."

"तुला हसल्या."

"मलाच हसणार. पाण्यात मीच उभी होते की."

असं तुझं. वाईट वास आला तरी नाक मुरडायचं नाही. माझं नाक आधीपासूनच लांब. मला वाटायचं, ही काहीतरी झाकते आहे. त्या गावानं हिला जवळ केलंच नाही, आणि ही आम्हाला फुलाफुलांचं सांगते.

आणि मग ती भट्टी.

तो रविवार मला पुसून टाकता आला असता तर. तू मजेत होतीस. चौकातल्या दगडी भट्टीचं सांगत होतीस, पूर्वी अख्ख्या गावाचा पाव त्यात भाजायचा, आता वर्षातून एकदा, ऑगस्टच्या जत्रेला पेटवतात. अकरा घरं अजून कणीक मळतात, राय नावाच्या काळसर धान्याची. सरपंचाच्या टोपीतून एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याची पहिली पाळी, मग तिथून पुढे घरांच्या ओळीनं. आणि पहिली पाळी कुणालाच नको असते, कारण वर्षभर थंड पडलेली भट्टी त्यानं तापवायची. दोन दिवस लाकूड जाळायचं, धूर खायचा, आणि एवढं करून त्याचा पाव खालून करपतो आणि आत कच्चा राहतो. चांगला पाव मिळतो तो मागच्यांना.

"आणि तुझी कितवी यायची पाळी?" मी सहज विचारलं.

"पहिली."

"एकदा?"

"दरवर्षी," तू हसत म्हणालीस. "एतियन गेल्यावर नऊच्या नऊ वर्षं."

तुला आठवतंय ना मी काय केलं? मी कोपीचा कप खाली ठेवला. अगं, आमच्या आळीत एक नळ आणि चौदा बिऱ्हाडं होती. पाळीच्या चिठ्ठ्या टाकायचो. एक बाई स्वतःच्या चिठ्ठीचा कोपरा दाबून ठेवायची आणि तिच्या भाचीला काढायला लावायची. सहा महिने पहाटेचं पाणी तिनंच भरलं. मीच पकडलं तिला. चिठ्ठी म्हटलं की मला आधी हात दिसतो, मग चिठ्ठी.

"अकरा घरं आणि नऊ वर्षं एकच नाव?" मी म्हटलं. "सुमन, तुला बनवत होते गं ते!"

"नाही उषा, तसं नव्हतं ते. अगं, लाकडं..."

"लाकडं कसली सांगतेस! नवरा गेला, बाई परकी, एकटी. म्हणून थंड भट्टी हिच्या गळ्यात. आणि तू नऊ वर्षं धूर खाल्लास आणि मला सांगतेस हसून!"

मी बोलतच राहिले. शेजारच्या बाकावरचा चिनी म्हातारा मान वळवून बघायला लागला. शेवटी मी म्हटलं, "चाळीस वर्षं राहून तुला कळलं नाही की त्यांनी तुला गावात घेतलंच नाही."

तू उठलीस. कोपी अर्धी तशीच. म्हणालीस, "तुला सगळ्यांची लबाडी दिसते उषा. एकदा माणूस दिसतो का बघ." आणि काठी टेकत निघून गेलीस. मी मागून आले नाही. मला वाटलं, खरं बोललं की झोंबतं.

तीन आठवडे फोन नाही. तू नाही केलास, मीही नाही. मी रविवारी घरात बसून वाटाणे सोलत राहिले आणि लेक विचारायची, "आज सुमनमावशी नाही का?" मी म्हणायची, "गुडघे दुखतात." कुणाचे ते सांगत नव्हते.

मग गुरुवारी ल्यूकचा फोन आला. "मावशी, आई बोलावतीय. जरा येतीस का? बरं नाही तिला."

"काय होतंय?"

"दमल्यासारखं होतंय म्हणती. डॉक्टर म्हणत्यात, विश्रांती घ्या."

आता ऐक, हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं, हा तुझा डाव आहे. स्वतः फोन करायचा नाही, पोराच्या तोंडून आजारपण पुढे करायचं, आणि मला तुझ्या दारात आणून माफी मागायला लावायची. दमल्यासारखं होतंय! मी सत्तरीला आले, मला रोजच दमल्यासारखं होतं. मी ल्यूकला म्हटलं, "रविवारी बघते जमलं तर."

शनिवारी सकाळी मी बाजारात कोथिंबीर निवडत होते तेव्हा त्याचा परत फोन आला.

तुझ्या घरी आले तेव्हा तुला न्यायची तयारी चालली होती. तुझं तोंड नेहमीसारखंच एका बाजूला वळलेलं. रागावून वळलेलं आहे की काय, तेही मला कळेना.

आता पुढचं ऐक, म्हणजे तुला माझा खरा गुन्हा कळेल. चौथ्या दिवशी ल्यूकनं मला बोलावलं. तुझा कलश टेबलावर, त्याच्याभोवती त्यानं तुझा पांढरा रुमाल बांधलेला. म्हणाला, "मावशी, गावाकडनं फोन आला हुता. बाबाच्या शेजारी जागा ठेवलीय म्हणत्यात. आईला घेऊन ये म्हणत्यात. मला काय कळंना. आई माझ्याशी गावाचं बोलायची न्हाई, तुझ्याशीच बोलायची. काय करू?"

किती विश्वासानं विचारलं त्यानं. आणि मी काय सांगितलं? म्हटलं, "अजिबात नेऊ नकोस. त्या लोकांनी तुझ्या आईला नऊ वर्षं राबवलं." भट्टीचं सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. "आता मेल्यावर बरी आठवण आली! समुद्रात सोड तिला. रोज समुद्राकडेच बघायची." पोरगा तेरा वर्षांचा असताना शिकायला बाहेर पडला तो सुट्ट्यांपुरताच गावी गेलेला, आणि बाप गेल्यावर जत्रेला एकदाही नाही. त्याला वाटलं, मावशीला माहीत असणार. त्यानं अस्थी सोडायला चांगीच्या धक्क्यावरून रविवारची बोट ठरवली.

शुक्रवारी साड्या आवरायला गेले. तू जपलेलं सगळं इतकं थोडं होतं की मला लाजच वाटली. सहा साड्या, चोळ्यांची पिशवी, एतियनचा चश्मा. आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा. उघडला तर आत घड्या घातलेले कागदाचे तुकडे, चिक्कार. एक उघडला, इंग्रजी अक्षरांत सुमन. दुसरा उघडला, सुमन. तिसरा, चौथा, मूठभर उघडले. सगळ्यांवर एकच नाव.

मी तिथूनच ओरडले. "ल्यूक! इकडे ये! मी म्हटलं नव्हतं? सगळ्या चिठ्ठ्यांवर हिचंच नाव घातलं होतं मेल्यांनी! कुठलीही काढा, हीच निघणार! आणि हिला ठाऊक होतं बघ, पुरावा जपून ठेवलाय!"

माझा आवाज चढलेला. जिंकले होते ना मी, तुझ्याशी चाललेलं भांडण.

तो आला. एक चिठ्ठी घेतली, उजेडात धरली. मग दुसरी. पलंगावर बसला. म्हणाला, "मावशी, ह्ये आईचं अक्षर हाय."

"काय म्हणतोस?"

"चिठ्ठ्या आईच लिवायची, मी सुट्टीत बघितलंय. दरवर्षी. गावात तिचं अक्षर सगळ्यात नीट, म्हणून सरपंच तिलाच द्यायचा. एक काढली की बाकीच्या दहा तिच्या एप्रनच्या खिशात."

माझ्या तोंडून एकच निघालं, "पण थंड भट्टी मुद्दाम कोण मागून घेतं?"

तेव्हा त्यानं सांगितलं, जे तू त्या बाकावर सांगायला निघाली होतीस आणि मी बोलू दिलं नाही. पहिली पाळी ज्या घराची, त्या घरी आदल्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरानं लाकडाची एक मोळी घेऊन जायची. नोकराबरोबर पाठवायची नाही, स्वतः न्यायची. दारात ठेवायची, आत यायचं, पेलाभर काहीतरी प्यायचं, मग जायचं. तसं तिथं कुणी कुणाच्या घरी कामाशिवाय जात नाही. माणसं वाईट नाहीत म्हणाला, पण संकोची. एतियन होता तोवर त्याच्याकडे लोक येत, शेताच्या मोजणीला, बांधाच्या भांडणाला. तो गेला आणि दार वाजायचं थांबलं.

म्हणून तू. दोन दिवस धूर खाऊन, कच्चा पाव खाऊन, अख्खं गाव एकदा दारात आणायचीस. सुमन, लबाड बाई! त्या नळवालीच्या वरताण निघालीस तू. तिनं पाण्यासाठी केलं, तू माणसांसाठी. मी पलंगावर त्याच्या शेजारी बसले आणि मला आधी हसू आलं, खरंच सांगते, आणि मग ते हसू कुठे गेलं मला कळलं नाही.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. डोळे पुसले आणि म्हटलं, "नऊ वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही? मला नाही पटत. विचार त्यांना." त्याला मी कंटाळा आणला असणार, पण त्यानं लावला फोन. शेजारच्या मादलेनला, ऐंशीच्या पुढची, तुझ्या तोंडून नाव ऐकलेलं. इथं दुपार, तिथं सकाळ. तिनं ल्यूकचं ऐकून घेतलं आणि फोनमधून असला मोठा आवाज आला की मला लांबून ऐकू आला.

"काय म्हणते?"

"म्हणती, नऊपर्यंत मोजता येत न्हाई असं वाटलं का आमाला? दुसऱ्या वर्षीच कळलं हुतं समद्यांना. सरपंच तर टोपी हलवायचा पण न्हाई म्हणती."

"मग बोलले का नाहीत?"

त्यानं विचारलं. उत्तर छोटं होतं. "म्हणती, बोललो असतो तर पुढच्या वर्षी तिनं खऱ्या चिठ्ठ्या लिवल्या असत्या."

मग मादलेननं उलट तपासणी सुरू केली. ही बाजूला बोलणारी बाई कोण? हिला आमच्या भट्टीचं काय करायचंय? तिला घेऊन ये म्हटलं त्याचं काय झालं, कोण नको म्हणतंय? तिचाही आवाज संशयी होता गं, अगदी माझ्यासारखा, आणि मला ती बाई एकदम ओळखीची वाटली. ल्यूक माझ्याकडे बघायला लागला. मी खूण केली, सांग, मी नको म्हटलं होतं. त्यानं सांगितलं. मग तिनं काहीतरी विचारलं.

"काय विचारते?"

"विचारती... तिकडं तिच्या दारात कोण यायचं?"

मी म्हटलं, "सांग, मी यायचे. दर रविवारी. आणि सांग की शेवटचं तिनं स्वतः बोलावलं, तेव्हा मी आले नाही. ती सोंग करते असं मला वाटलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं मावशीला जमलं नाही. मला वाटलं, आता हा फोन ठेवेल आणि मला दार दाखवेल, आणि दाखवावंच. पण तो फोनमध्ये बोलला. चार शब्द.

फ्रेंच मला येत नाही, सुमन. पण मी एवढं बोलले त्याचे चार शब्द होत नाहीत.

"अर्धंच सांगितलंस," मी म्हटलं. "पुरतं सांग."

"मावशी, ऱ्हाऊ दे की."

"पुरतं सांग, ल्यूक."

मग त्यानं सांगितलं, हळूहळू, माझ्याकडे पाठ करून. मग ती दोन-तीन वाक्यं बोलली आणि ल्यूकनं डोळे पुसले.

"काय म्हणाली?"

"त्यावर काय न्हाई म्हणाली. कधी आणतोस, एवढंच विचारलं. आणि तू संगती येतीस का, ते विचारलं."

बोट नको म्हणून सांगायला फोन मी केला, माझ्या मोडक्या इंग्रजीत. परवा तो तुला घेऊन निघाला. मी गेले नाही गं. पासपोर्ट संपलाय, हे मी ल्यूकला सांगितलं आणि ते खरं आहे. पण तुला सांगते, संपला नसता तरी या खेपेला मी आले नसते. तुझ्या दारात यायचं ते मला बोलावलंस तेव्हाच यायचं होतं.